फुटबॉल मॅनेजर की ईए एफसीचा करिअर मोड: स्काउटिंग कुठलं खरं वाटतं?

स्काउटिंगसाठीच, म्हणजे नवे खेळाडू शोधून पारखण्यासाठीच गेम घेणार असाल तर फुटबॉल मॅनेजर घ्या, ज्यात आपण संघ चालवतो. ईए एफसी (पूर्वीचा फिफा) मधला करिअर मोड, म्हणजे क्लब सांभाळत सामनेही स्वतः खेळायचा प्रकार, मलाही आवडतो, पण खेळाडू पारखण्यातली धाकधूक तिथे फार थोडा वेळ टिकते.

रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी कापणीआधी बागेत फिरतो, चार घड बघतो आणि अख्ख्या बागेचा भाव ठरवतो. स्काउटिंगही असंच, थोडं बघून मोठा पैसा लावायचा. फुटबॉल मॅनेजरमध्ये हे जमून आलंय. गुण 1 ते 20 असतात, पण अनोळखी खेळाडूचे आधी दिसतच नाहीत, किंवा ‘फिनिशिंग 9 ते 14’ असे मोघम दिसतात. खेळाडू शोधायला पाठवलेल्या माणसाची, म्हणजे स्काउटचीही पारख असते: आजचा खेळ ओळखण्याची वेगळी आणि पोरगा पुढे किती वाढेल ते ओळखण्याची वेगळी. दुसरीत कच्चा असलेला स्काउट सतरा वर्षांच्या पोराला खुशाल चार तारे देतो. त्यात हे तारे तुमच्या संघाच्या मानाने मिळतात, त्यामुळे खालच्या लीगमधला पाच तारेवाला वर गेल्यावर दोनवर येतो. खेळातलं सातत्य, मोठ्या सामन्यातला दम हे आकडे तर झाकलेलेच असतात. रिपोर्टमधल्या वाक्यांवरून ताडायचं.

खोट आहे ती एका आकड्यात. प्रत्येक खेळाडूची कमाल मर्यादा 1 ते 200 मध्ये आधीच ठरलेली असते. काही तरुणांना -9 दिलेला असतो, मग दर नव्या डावात 150 ते 180 मधला कुठला तरी आकडा लागतो. खऱ्या पोराच्या कपाळावर असं काही लिहिलेलं नसतं. तरीही 2008 मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने गेममधल्या खेळाडूंचा डेटाबेस वापरण्याचा करार केला होता. आणि चेर्नो सांबा, फ्रेडी अडू ही एकेकाळची होतकरू पोरं गेममध्ये महान झाली, प्रत्यक्षात नाही. मला तर हे चुकलेले अंदाजच सगळ्यात खरे वाटतात.

एफसीमध्ये युवा स्काउटला अनुभव आणि पारख यांचे तारे असतात. एखाद्या देशात त्याला तीन, सहा किंवा नऊ महिने पाठवा, दर महिन्याला पोरांची यादी येते, पुढे किती वाढतील ती क्षमता ‘77 ते 94’ अशी. मजा येते. पण ती पोरं गेमने बनवलेली असतात, आणि बाजारातल्या खेळाडूवर स्काउट लावला की थोड्या दिवसांत सगळे आकडे उघडे पडतात. पुढे उरतो तो फक्त भाव.

आता खर्चाचं. एफसीला सुमारे 100 जीबी जागा आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. कॉलेजसाठी जळगावातून घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर ते ओढाताणीचं काम आहे. फुटबॉल मॅनेजरला जागा बरीच कमी लागते. फुटबॉल मॅनेजर 25 शोधत बसू नका, तो फेब्रुवारी 2025 मध्ये रद्द झाला. फुटबॉल मॅनेजर 26 मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये आला. डाव सुरू करताना गुण झाकण्याची सोय चालूच ठेवा आणि नेटवरच्या वंडरकिडच्या (पुढे महान होणाऱ्या पोरांच्या) याद्या उघडू नका, नाहीतर स्काउटला पगार फुकट.

शोधलेल्या पोराला स्वतःच्या हाताने मैदानावर पळवायचं असेल, संध्याकाळी मित्र येऊन दुसरा कंट्रोलर धरणार असेल, तर मात्र एफसीच घ्या.