अलार्म आलेल्या कार्डावर आधी काय चालवावं: शॉर्ट टेस्ट की लाँग?

टेलिफोन एक्स्चेंजच्या टर्मिनलवर 'डिस्प्ले अलार्म्स' मारलं, यादीत मायनर अलार्म दिसला, पोर्टचा, म्हणजे कार्डावरच्या ज्या जोडणीला लाइन किंवा फोन लागतो तिचा, पत्ता मिळाला. आता 'टेस्ट बोर्ड' लिहायचं. त्या कमांडच्या शेवटी शॉर्ट (मोजक्या चाचण्या) लावायचं की लाँग (जास्त खोलातली मालिका), हा प्रश्न नव्याने एक्स्चेंज सांभाळायला घेतलेला प्रत्येक जण विचारतो. मी अवाया कंपनीच्या एक्स्चेंज सिस्टीमवर काम करतो, म्हणजे जुनं डेफिनिटी आणि त्यानंतरचं कम्युनिकेशन मॅनेजर. खालची नावं आणि नंबर त्यातलेच आहेत. तुमची सिस्टीम दुसरी असेल तर कमांड बदलतील, पण चालू कॉलला धक्का न लावणाऱ्या चाचण्या आणि लावू शकणाऱ्या चाचण्या अशी विभागणी जवळपास सगळीकडे सापडेल.

लाँगच्या बाजूने बोलायचं तर ती जास्त खोलात जाते, हे मान्यच आहे. ॲनालॉग एक्स्टेंशनच्या पोर्टवर शॉर्टमध्ये न येणारी क्रॉसटॉकची चाचणी, म्हणजे टेस्ट ६, लाँगमध्ये होते. एका पोर्टचं बोलणं दुसऱ्यात झिरपतंय अशी तक्रार असेल तर शॉर्ट चालवून हाती काही लागणार नाही. शिवाय या पोर्टवर लाँगही तशी निरुपद्रवी आहे. म्हणून मी सरसकट कुणाला लाँग टाळा म्हणत नाही. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक चाचणीसमोर डी की एनडी, म्हणजे डिस्ट्रक्टिव्ह की नॉन-डिस्ट्रक्टिव्ह, असं छापलेलं असतं. कमांड देण्याआधी तो रकाना बघायची सवय लावली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

शॉर्टवर सगळ्यात मोठा आक्षेप असतो तो अबॉर्टचा. दिवसा गजबजलेल्या ट्रंकवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवर, शॉर्ट चालवली की निकालाच्या रकान्यात पास, पास, अबॉर्ट (चाचणी अर्ध्यात सुटली), पास, अबॉर्ट अशी रांग येते आणि माणूस वैतागतो. पण अबॉर्ट म्हणजे फेल नव्हे. शेजारचा एरर कोड वाचा. १००४ असेल तर चाचणी चालू असताना कुणीतरी खराखुरा कॉल करून तो पोर्ट घेतला, म्हणजे पोर्ट कामाला लागतोय. १००० असेल तर चाचणीला लागणारी साधनं त्या वेळी मोकळी नव्हती, बहुधा पोर्ट कॉलवर होता. २००० आला तर मात्र मी कान टवकारतो, कारण ठरलेल्या वेळात कार्डाकडून उत्तरच आलेलं नसतं. एकदा चालवून सोडून देऊ नका. 'रिपीट' लावून पुन्हा पुन्हा चालवा. किंवा 'क्लिअर' लावा, मग अलार्म मिटेपर्यंत किंवा एखादी चाचणी फेल होईपर्यंत तीच मालिका आपोआप फिरत राहते.

माझा कौल आधी शॉर्ट असा आहे, तो कशाने ठरला ते सांगतो. लाँगमधल्या डिस्ट्रक्टिव्ह चाचण्या, ट्रंकवरचा लूपबॅक (सिग्नल परत फिरवून बघणं), कार्ड रिसेट, असं काहीही करायचं म्हटलं की आधी बिझीआउट, म्हणजे पोर्ट मुद्दाम सेवेबाहेर काढणं, आलंच. अबॉर्ट नकोत म्हणून गरज नसतानाही बिझीआउट करणारे बरेच आहेत. बिझीआउट केलं की त्या पोर्टवरच्या नेहमीच्या आपोआप होणाऱ्या चाचण्या थांबतात. एरर लॉगमध्ये टाइप १८, म्हणजे पोर्ट मुद्दाम बाहेर काढल्याची नोंद, पडतो आणि अलार्मच्या यादीत एक नवा वॉर्निंग उभा राहतो. म्हणजे एक अलार्म तपासायला गेलो आणि यादीत आणखी भर घातली. तेवढं चालवून घेता येईल. खरा त्रास रिलीज, म्हणजे पोर्ट परत सेवेत घेणं, राहून जाण्याचा आहे.

आमच्याकडे एका ट्रंक ग्रुपबद्दल तक्रार यायची की दुपारी लाइन मिळत नाही. सकाळी तपासावं तर सगळं ठीक, संध्याकाळी तपासावं तरी ठीक. कार्डावर शॉर्ट चालवली, फेल एकही नाही. शेवटी अलार्मची यादी वॉर्निंगसकट उघडली, एरवी तो फिल्टर बंदच असायचा, तेव्हा त्या ग्रुपमधले काही पोर्ट सर्व्हिस स्टेटच्या रकान्यात 'आउट' दिसले. मागच्या कुठल्या तरी पाळीत लाँगसाठी ते बाजूला काढले होते, निकाल पास आला, पाळी संपली आणि रिलीज राहिलं. मूळचा अलार्म कधीच मिटला होता. आता ग्रुपमध्ये पोर्ट कमी पडले की एक्स्चेंज मुकाट्याने पुढचा पोर्ट घेतं, त्यामुळे गर्दीची वेळ सोडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. दोष नसलेले पोर्ट तपासणीमुळे बंद पडून होते, ही गोष्ट मला फार लागली. माणसं बदलत राहतात अशा ठिकाणी हे पुन्हा घडणारच. शॉर्टमध्ये ही भानगडच नाही. चालवली, निकाल वाचला, पोर्ट होता तिथेच आहे.

ई-वन किंवा टी-वन, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनच्या, कार्डावर तर शॉर्टकडे माझा कल जास्तच आहे. टेस्ट १३८ ते १४५ या सगळ्या नुसत्या विचारपूस करणाऱ्या आहेत: सिग्नल गेलाय का, ब्लू, रेड, यलो अलार्म आहे का, स्लिप (दोन्ही टोकांची घड्याळं न जुळल्याने घसरलेला डेटा) किती, मिसफ्रेम (चौकट चुकलेला डेटा) किती. १४१ फेल, म्हणजे यलो, याचा अर्थ पलीकडचं टोक सांगतंय की तुमचा सिग्नल मला नीट मिळत नाही. मग आपल्याकडून जाणारी बाजू, केबल आणि कनेक्टर आधी बघायचे. १४४ फेल झाली तर एरर कोडच्या रकान्यात स्लिपचा आकडाच येतो. तो वाढत असेल तर घड्याळाचा मेळ बसलेला नाही, सिंक्रोनायझेशनचा सोर्स तपासा. या दोन्हींत कार्ड बहुतेक वेळा निर्दोष असतं आणि एकही कॉल न तोडता ते कळतं.

तसंच अलार्मच्या यादीतला 'ऑन बोर्ड' हा रकाना. तिथे एन असेल तर सिस्टीमच्या मते दोष कार्डाबाहेर आहे. अशा वेळी कार्डावर लाँग चालवून पास मिळवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

लाँग मी कधी वापरतो? कार्ड बदलायचं जवळपास ठरलं की, बदलण्याआधी एकदा आणि नवं घातल्यावर एकदा, कॉल नसतील अशा वेळी. शॉर्टमध्ये तोच टेस्ट नंबर वारंवार फेल होतोय आणि वायरिंग तपासून झालंय, तेव्हाही. ज्यांच्याकडे रात्री एक्स्चेंज पूर्ण रिकामं असतं आणि बिझीआउट-रिलीजची नोंद लिहून ठेवायची शिस्त आहे, त्यांना लाँगपासून सुरुवात करणं सोयीचं वाटू शकेल. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

जाता जाता: रात्रीच्या ठरलेल्या चाचण्यांत काही फोनची घंटी क्षणभर किणकिणते आणि सकाळी त्याची तक्रार येते. ती टेस्ट ४८ असते. त्यासाठी पूर्ण चाचण्या बंद करू नका, त्या एक्स्टेंशनच्या स्टेशन फॉर्मवर 'टेस्ट्स' समोर एन करा.

आणि लाँग चालवायचीच असेल तर बिझीआउट देण्याआधी अलार्म आणि एररची यादी उतरवून घ्या. रिलीज झाल्यावर 'डिस्प्ले अलार्म्स' वॉर्निंग धरून पुन्हा काढा आणि सर्व्हिस स्टेटमध्ये 'आउट' कुठे उरलंय का ते बघूनच टर्मिनल बंद करा.