घसा दिसतो, केस दिसत नाहीत

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी साडेआठ हजारांचा हा स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला. हाजी अलीच्या खडकांतले पॉलिकीट, म्हणजे अंगावर वलयं असलेले समुद्री किडे, ओळखायचे होते. नेरीस कुळातल्या किड्याचा घसा चिमट्याने बाहेर काढला, की ४० पटीत त्यावरचे काळे दाणे लख्ख दिसतात. घशाच्या तळाच्या वलयावर पाठीकडे आडव्या पट्ट्या असल्या तर किडा याच कुळातल्या पेरिनेरीस गटातला. नुसते टोकदार दाणे असतील तर नेरीस गटाकडे वळायचं. इथवर पैसे वसूल! पण ओळख पक्की करायची तर पायांवरच्या राठ केसांचं पातं लांब की विळ्यासारखं आखूड, हे यात कळतच नाही. त्याला ४०० पट लागतं, म्हणजे पुन्हा कॉलेजच्या लॅबमध्ये विनवण्या. वर महिन्याभरात खालचा दिवा लुकलुकायला लागला. दुकानदार म्हणे, "ताई, दिवा वॉरंटीत येत नाही." सध्या मोबाईलचा टॉर्च धरून दाणे मोजतेय.