उष्णतेतून स्पिन प्रवाह: गार्नेट घ्यावं की धातू?

उष्णतेतून स्पिन प्रवाह, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगच्या चुंबकीय फिरकीचं (स्पिनचं) वहन, हा विषय प्रकल्पाला घ्यायचं ठरलं, की ताळगाव पठारावरच्या, म्हणजे गोवा विद्यापीठातल्या, एमएस्सीवाल्यांचं घोडं एकाच जागी अडतं. नमुना यिट्रियम आयर्न गार्नेटचा घ्यायचा, की सरळ निकेलसारख्या चुंबकीय धातूचा?

मांडणी दोन्हींची सारखीच. नमुना वरून गरम, खालून गार. चुंबकीय क्षेत्र आडवं. आणि दोघांशी काटकोनात मायक्रोव्होल्टमधलं व्होल्टेज. क्षेत्र उलटवलं की दोन्हीकडे चिन्ह बदलतं, त्यामुळे तेवढ्यावर काहीच ठरत नाही.

गार्नेट विद्युतरोधक आहे. त्यात इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. उष्णतेबरोबर सरकतात ते मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय रचनेतल्या लाटा. वर काही नॅनोमीटर प्लॅटिनम चढवलेलं असतं. मॅग्नॉन तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या हाती स्पिन सोपवतात आणि व्यस्त स्पिन हॉल परिणामामुळे, म्हणजे स्पिननुसार इलेक्ट्रॉन बाजूला वळल्यामुळे, त्याचं व्होल्टेज होतं. धातूत मात्र अनॉमलस नर्न्स्ट परिणाम आडवा येतो: वाहते इलेक्ट्रॉनच बाजूला वळतात. आकडा छान दिसतो, पण तो स्पिन प्रवाहाचा पुरावा नव्हे.

उचिदा, साइतो या जपानी भौतिकशास्त्रज्ञांचा आणि सहकाऱ्यांचा २००८चा पहिला प्रयोग पर्मलॉय या धातूवरच होता, तोही उष्णता थराच्या लांबीने सोडून. त्या वाटेला जाऊ नका. थोडी उष्णता जरी खालच्या आधारात उतरली, तरी नर्न्स्टची भेसळ होते. २०१०मध्ये त्याच गटाने गार्नेटवर परिणाम दाखवला, तेव्हा कुठे धातूतल्या इलेक्ट्रॉनांचा संशय मागे पडला. मग प्लॅटिनमच किंचित चुंबकीय होतं का, हा नवा वाद निघाला, ते सोडा.

स्पिनच बघायचा असेल तर माझं मत गार्नेटला. प्लॅटिनमऐवजी टंगस्टन चढवा, चिन्ह उलटतं. तांबं चढवा, व्होल्टेज जवळपास नाहीसं होतं. इतकी सरळ पडताळणी निकेलमध्ये नाही. उपयोगाकडे ओढा असेल तर धातू बरा: कोबाल्ट-मँगनीज-गॅलियमच्या संयुगात सामान्य तापमानाला केल्व्हिनमागे सुमारे ६ मायक्रोव्होल्ट मिळतात. बिस्मथ टेल्युराइडच्या नेहमीच्या सीबेक परिणामात (तापमानातल्या फरकाच्याच दिशेने मिळणारं व्होल्टेज) २००च्या आसपास मिळतात, तेव्हा विजेची स्वप्नं बेतानेच बघा.

आपल्याकडचा पावसाळा दोघांनाही छळतो. पेल्टियरने (विजेवर गार करणाऱ्या चकतीने) खालची बाजू १५ अंशांवर नेलीत की नमुन्यावर दव धरतं आणि जोडण्या बिघडतात. गार बाजू खोलीच्याच तापमानाला ठेवा, वरची तापवा.

स्पटरिंगची, म्हणजे प्लॅटिनमसारखे पातळ थर चढवायच्या यंत्राची, वेळ मात्र आधीच मागून ठेवा. नाहीच मिळाली तर निकेल घ्या, आणि अहवालाच्या शीर्षकात ‘स्पिन प्रवाह’ लिहू नका.