गुगलची पासकी, गुहागरच्या घरगुती निवासात

पावसाळ्यात गुहागरकडे मोबाइलची रेंज गेली की ओटीपीची वाट पाहणे हेच एक काम होऊन बसते; म्हणून आमच्या घरगुती निवासाच्या आरक्षणाचे गुगल खाते मी पासकीवर, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने (बोट, चेहरा किंवा पिन) खाते उघडण्याच्या सोयीवर, नेले, आणि आता वायफाय चालू असले की बोट टेकवताच ते उघडते. मे २०२३ पासून वैयक्तिक खात्यांना मिळालेल्या या सोयीत पासकीतली गुप्त किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त संकेत, गुगलच्या हाती जात नाही, त्यांच्याकडे फक्त ती ओळख पडताळणारी सार्वजनिक जोडकिल्ली असते, आणि बनावट संकेतस्थळावर पासकी चालतच नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आईलाही ते सहज जमले. हंगाम संपल्यावर मदतनिसाचा फोन उपकरणांच्या यादीतून साइन आउट करता येतो. मात्र त्यावर आपण स्वतः तयार केलेली पासकी वेगळ्या पानावर जाऊन काढावी लागते, ही विभागणी अनाठायी आहे.