गुडघ्यासाठी गांजाच्या दुकानात

दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर थोडी तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या कुणी वाचलं तर चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतो त्या प्रभुभोजनाच्या रविवारी माना वळतील. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात आहे, समोसेवाल्याला लागून, एवढं पुरे. कॅनडात गांजा 17 ऑक्टोबर 2018 पासून कायदेशीर झाला, पण मिसिसागाने 2023 पर्यंत गावात दुकानं येऊ दिली नव्हती. त्यामुळे आमच्या बाजूला ही नवलाई अजून पुरती विरलेली नाही.

मी 67 वर्षांची, नगरच्या मिशन शाळेतून निवृत्त झालेली बाई. दोन्ही गुडघे गेलेले. सून म्हणाली, "मम्मी, गांजातल्या सीबीडी नावाच्या घटकाचं तेल घेऊन बघा, त्याने नशा येत नाही." गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नाशिकच्या कुंभातले साधू आणि त्यांच्या चिलमी. आठवडाभर नाहीच म्हटलं. मग एका रात्री जिना उतरताना कठडा धरून मध्येच पाच मिनिटं उभी राहिले. सकाळी सुनेला म्हटलं, काढ गाडी.

बाहेरून आतलं काही दिसत नाही. मुलांच्या नजरेला माल पडू नये असा नियमच आहे, म्हणून काचा पांढऱ्या. दारात एका पोराने ओळखपत्र मागितलं, 19 वर्षं पूर्ण आहेत का बघायला. माझं पिकलेलं डोकं दिसत असूनही मागितलं, याचे पूर्ण गुण. आत मोबाइलच्या दुकानासारखं चकचकीत. वास म्हणाल तर आपल्याकडच्या उदबत्तीच्या दुकानात याहून जास्त येतो. पाकिटं सगळी साधी, त्यावर लाल आठकोनात पानाचं चित्र आणि टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) ही अक्षरं, शिवाय पिवळ्या चौकटीत धोक्याची सूचना. कंपनीचं नाव चष्मा लावून शोधावं लागतं. चघळायच्या गोळ्यांच्या अख्ख्या पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, असं पोराने सांगितलं. मी गोळ्या विचारल्याच नव्हत्या.

पोरगा पंजाबी, बोलायला गोड. मी गुडघा दाखवला तर म्हणाला, "आंटीजी, दर्द के बारे में हम कुछ नहीं बोल सकते. डॉक्टर से पूछिए." कायदाच तसा आहे, दुकानदाराने औषधी गुण सांगायचे नाहीत. पण मग दुखणाऱ्या माणसाने काय घ्यावं? सुनेने फोनवर आधीच वाचलं होतं, तिने बोट दाखवलं तेच घेतलं. 30 मिलिलिटरचं तेल 34 डॉलर, एक मलमाची डबी, वर 13 टक्के कर. आणि हे सगळं उभ्याने. अख्ख्या दुकानात एक खुर्ची नाही. माझ्यामागे काठी घेतलेले एक आजोबा होते, तेही उभेच.

तेलाची चव खोबरेलात सुकं गवत कुस्करल्यासारखी. जिभेखाली मिनिटभर धरायचं. झाकण मुलांना उघडू नये असं दाबून फिरवायचं, ते माझ्याच बोटांना उघडेना. पहिल्या दिवशी मुलगा कामावरून येईपर्यंत बाटली बंदच.

औषध म्हणून घ्यायचं हे आमच्या घराला नवं नाही. आजीने मिशनच्या बायकांच्या सभेत दारू न शिवण्याची शपथ घेतली होती आणि ती पाळली. तरी तिच्या कपाटात पितळी डब्यामागे ब्रँडीची बाटली असायचीच. सर्दी झाली की कोमट पाण्यात एक चमचा. महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याखाली आजही प्यायला परवाना लागतो, आणि तो दिला जातो तो आरोग्य राखण्यासाठी! बायबलात पौलानेही आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलंच आहे. त्या वचनावर आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश मी अजून ऐकलेला नाही. गांजा मोकळा झाला त्या 2018 साली मात्र त्यांनी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला होता: मोकळीक सगळ्याची आहे, हितकारक सगळं नाही.

प्रभुभोजनात आमच्याकडे दारूचा थेंब नसतो. नगरला आई शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायची. पहाटे त्याच पाण्यात मंद आचेवर उकळून, हाताने कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळायची. शेवटचा पिळा मारायला मला द्यायची, बोटं संध्याकाळपर्यंत चिकट. इथे वेल्च कंपनीच्या द्राक्षरसाची बाटली आणतात. ती कंपनीही याच कारणाने निघाली. 1869 साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट पंथाच्या दंतवैद्याने प्रभूच्या मेजावर दारू नको म्हणून द्राक्षाचा रस पाश्चराइज केला, म्हणजे आंबू नये म्हणून तापवला. रस बरा आहे, जरा जास्तच गोड.

समोर राहणारी माझी मैत्रीण वसईची, कॅथलिक. त्यांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, आंबलेला द्राक्षारसच लागतो, आणि नाताळात ती घरी केलेली वाइन मला आग्रहाने देऊ बघते. तिने माझी बाटली पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं, गांजा? पोप फ्रान्सिस 2014 लाच नको म्हणालेत!" मी तिला त्यांच्याच धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद 2291 फोनवर काढून दाखवला. अमली पदार्थ घेणं गंभीर पाप, पण निव्वळ उपचाराचं कारण असेल तर गोष्ट वेगळी, असं आहे त्यात. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "उपचार डॉक्टर सांगतो, बाई. सून नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रक्त पातळ राहायची वॉरफरिनची गोळी घेते. फार्मसीत जाऊन विचारलं तर तिथल्या बाईने मानच हलवली. सीबीडीने वॉरफरिनचा जोर वाढू शकतो, आधी रक्त तपासा म्हणाली. पोराने डॉक्टरांना विचारा म्हटलं होतं, ते मी वाण्याच्या पावतीवरच्या सूचनेसारखं सोडून दिलं होतं. तो दोष दुकानाचा नाही.

तेल नऊ दिवसांत बंद केलं. गुडघ्यांना फरक शून्य, झोप दोन रात्री चांगली लागली, पण त्या रात्री पाऊसही होता. मलम रात्री लावते, त्याने बरं वाटतं. गुण औषधाचा की दहा मिनिटं चोळण्याचा, देव जाणे. उघडलेली बाटली परत घेत नाहीत, विचारून आले.

स्वच्छता आणि पोराची वागणूक, पाचपैकी पाच. माझ्या वयाच्या गिऱ्हाइकाची सोय, दोन. शेजारचे समोसे घ्या, फक्त चटणी वेगळी मागून घ्या, नाहीतर घरी येईपर्यंत पिशवी गळते.