कळा मोजणारी ॲप्स दुसऱ्या खेपेला कितपत चालतात?

फोनवरची बाळंतपणाच्या कळा मोजणारी ॲप्स दिसायला वेगवेगळी असली तरी आतून बहुतेक एकाच साच्याची आहेत. पडद्यावर मोठं बटण असतं. कळ सुरू झाली की ते दाबायचं, ओसरली की पुन्हा दाबायचं. त्यावरून ॲप दोन आकडे काढतं: कळ किती सेकंद टिकली, आणि एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं गेली. मग शेवटच्या काही कळांची सरासरी धरून वर एक ओळ येते: ‘अजून वेळ आहे’, ‘तयारीत राहा’, ‘निघा’. नोंद ठेवायचं काम ही ॲप्स चोख करतात. ती वरची ओळ मात्र दुसऱ्या बाळंतपणात दगा देऊ शकते, आणि या परीक्षणातला बराचसा मजकूर तिच्याबद्दलच आहे.

ही ओळ बहुतेक ठिकाणी ५-१-१ या नियमावर ठरते. कळा दर ५ मिनिटांनी येतायत, प्रत्येक कळ १ मिनिट टिकतेय आणि असं १ तास चाललंय, तर निघा. पहिलटकरणीसाठी हा नियम चांगला आहे. फार लवकर दाखल झालं तर एकतर घरी परत पाठवतात, नाहीतर कळा वाढवायची औषधं गरजेआधीच सुरू होण्याची शक्यता वाढते. पण नियमामागे एक गृहीत आहे: कळा नियमित झाल्यानंतरही हातात बरेच तास आहेत. दुसऱ्या खेपेला तेच गृहीत डळमळतं.

पहिल्या वेळी गर्भाशयाचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडायला लागतं. दुसऱ्या वेळी पातळ होणं आणि उघडणं बरोबरच चालतं. शेवटच्या आठवड्यांत कसलीही कळ नसताना तोंड २ सेंटिमीटर उघडलेलं असणंही दुसरेपणात नवल नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कळा पक्क्या सुरू झाल्यापासून तोंड पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या वेळी सरासरी ८ तास लागतात आणि सहसा १८ च्या वर जात नाहीत. त्यापुढच्या बाळंतपणांत सरासरी ५ तास, आणि सहसा १२ च्या आत. जोर लावायच्या टप्प्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत पहिल्या वेळी ३ तास आणि नंतर २ तास अशी साधारण वरची मर्यादा दिली आहे. ही वरची टोकं झाली. दुसऱ्या वेळी हा टप्पा चार-पाच कळांतही आटोपतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेग कुठे वाढतो ही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत पहिलटकरीण आणि दुसरेपणाची बाई यांचं तोंड उघडण्याचा वेग जवळपास सारखाच असतो. त्यानंतर मात्र दुसरीचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन तास ॲपवर अगदी पहिल्या वेळेसारखेच दिसतील. कळा ८-१० मिनिटांवर, मध्ये नीट बोलता येतंय, घरातली कामं चाललीयत. मग पाणी जातं, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटते, आणि पुढचं सगळं तासाभरात होतं. आलेख सरळ रेषेत चढेल असं ॲप धरून चालतं, पण इथे तो शेवटी एकदम उभा चढतो.

आता त्या सरासरीकडे या. समजा, लागोपाठच्या कळांमधलं अंतर ११, ९, ७, ६, ४ आणि ३ मिनिटं आहे. सहा अंतरांची सरासरी येते ६ मिनिटं ४० सेकंद. ॲपच्या हिशेबात ५ मिनिटांची अट पुरी झालेली नाही आणि तासही झालेला नाही, कारण हे सगळं मिळून ४० मिनिटांतच घडलं. त्यामुळे वर ‘अजून वेळ आहे’ असंच दिसत राहील. प्रत्यक्षात शेवटच्या दोन कळा ४ आणि ३ मिनिटांवर आल्या आहेत, आणि दुसरेपणात एवढ्यात निघायलाच हवं. म्हणून सरासरीचा रकाना पाहूच नका. खालची यादी उघडा, शेवटच्या तीन नोंदी बघा आणि अंतर कमी होतंय का एवढंच तपासा. ज्या ॲपमध्ये ही यादी मुख्य पडद्यावरच दिसते ते घ्यावं. यादीसाठी दुसऱ्या पानावर जावं लागत असेल तर ऐन कळेत ते कोणी उघडत नाही.

बटण दाबायचं राहिलं की दुसरी गडबड होते. दर ५ मिनिटांनी कळा येत असताना एक नोंद चुकली, तर अंतरं ५, ५, १०, ५ अशी दिसतात आणि सरासरी सव्वासहा मिनिटांवर जाते. एका चुकलेल्या बोटामुळे ॲप पुन्हा ‘थांबा’ म्हणतं. नोंद मागाहून भरता किंवा दुरुस्त करता येते का, हे ॲप उतरवल्या दिवशीच करून पाहावं. ओसरल्याचं बटण विसरलं तर कळ चार मिनिटांची नोंदली जाते, तीही दुरुस्त करता आली पाहिजे. हे काम सोबत असलेल्या माणसाने करावं हे उत्तम. कळ येतेय हे तिने नुसत्या हाताच्या खुणेने सांगायचं आणि बटण दुसऱ्याने दाबायचं.

एक तासाची अट तर दुसरेपणात सरळ काढून टाकावी असं आमचं मत आहे. सुरुवातीपासून ३ तासांच्या आत संपणाऱ्या प्रसूतीला अतिवेगवान प्रसूती म्हणतात. अशा वेळी नियम पक्का होण्याची वाट पाहण्यातच तिसरा हिस्सा वेळ गेलेला असतो. काही ॲप्समध्ये सेटिंगमध्ये जाऊन नियमाचे आकडे बदलता येतात, आणि दुसऱ्या खेपेसाठी ॲप निवडताना ही सोय सगळ्यात आधी पाहावी. अंतर ८ मिनिटं आणि कालावधी अर्धा तास, असा इशारा लावून ठेवावा. तो वाजला की दवाखान्यात फोन करायचा. पहिलं बाळंतपण ५-६ तासांतच झालं असेल, तर इशाऱ्याचीही वाट पाहू नये. कळा नियमित वाटू लागल्या की फोन करावा.

नेमका आकडा मात्र मागून पुढे मोजत ठरवायचा असतो, आणि हे कोणतंही ॲप करून देत नाही. थोरल्या मुलाला सांभाळायला येणारं माणूस घरी पोचायला किती वेळ? सगळ्यात वाईट गर्दीत दवाखाना किती लांब? दारातून लेबर रूमपर्यंत, नावनोंदणी धरून, किती? समजा ३०, ४० आणि २० मिनिटं. म्हणजे निघायचं ठरवल्यापासून तपासणीच्या टेबलापर्यंत दीड तास गेला. सरासरी ५ तासांच्या बाळंतपणात हा वेळ मोठा आहे. सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच शंकेला बोलावून घेतलं तर त्यातली ३० मिनिटं वाचतात. उगीच बोलावलं असं वाटलं तरी चालेल. पाठीच्या कण्यातलं वेदनाशामक हवं असेल, तर ते द्यायलाही वेळ लागतो आणि दुसऱ्या खेपेला ती संधी पटकन निसटते. काही जणींना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कळा सुरू झाल्यावर प्रतिजैविक द्यायचं ठरलेलं असतं. ते बाळ जन्मण्याआधी निदान ४ तास शरीरात गेलेलं चांगलं. अशांनी ५ मिनिटांच्या अंतराची वाट पाहणं चूकच.

याची उलट बाजूही आहे. दुसऱ्या खेपेला शेवटच्या महिन्यात खोट्या कळा जास्त जाणवतात. चार-चार दिवस संध्याकाळी दोन तास कळा येतात आणि रात्री विरून जातात. ॲप त्याही इमानदारीने मोजतं, एखाद्या दिवशी ‘निघा’ म्हणतं, आणि मग खऱ्या दिवशी त्यावर विश्वास राहत नाही. परीक्षा सोपी आहे: लघवी करून यावं, दोन पेले पाणी प्यावं, बसली असेल तर चालावं, चालत असेल तर कुशीवर आडवं व्हावं. खोटी कळ यातल्या एखाद्या गोष्टीने सैल पडते, खरी कळ आपला जोर वाढवतच जाते. ही परीक्षा अर्ध्या तासात आटोपावी. पाणी गेलं असेल किंवा महिने भरले नसतील, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत असाल, तर ती करत बसू नये.

ॲप जे विचारतच नाही, त्यात सगळ्यात वर पाण्याचा प्रश्न येतो. पहिल्या वेळी बाळाचं डोकं बहुधा दोन-चार आठवडे आधीच खाली येऊन फिक्स झालेलं असतं. दुसऱ्या वेळी ते कळा सुरू होईपर्यंत वरच तरंगत राहू शकतं, आणि यात काही बिघडलेलं नसतं. पण डोकं वर असताना पाण्याची पिशवी फुटली, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. शेवटच्या तपासणीत ‘डोकं फिक्स झालंय का?’ हा प्रश्न नक्की विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर पाणी गेल्यावर एकही कळ नसली तरी लगेच निघायचं. योनीत किंवा बाहेर नाळ जाणवली तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर वर ठेवून थांबायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. नाळ हाताळायची नाही. पाणी हिरवट किंवा तपकिरी असणं, चिकट स्रावातल्या रक्ताच्या रेषेपलीकडे लाल रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, दोन कळांच्या मध्येही पोट सैल न पडणं, यांतलं काहीही दिसलं तर मिनिटं मोजू नयेत.

पहिलं सिझर असेल तर हिशेब आणखी वेगळा. ते कळा सुरू व्हायच्या आधीच झालं असेल, तर गर्भाशयाच्या तोंडासाठी हे पहिलंच बाळंतपण असतं आणि वेगही बहुधा पहिल्यासारखा राहतो. पण तरीही घरी थांबायचं नसतं. जुना छेद उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये १ असतो, म्हणून कळा सुरू झाल्या की बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष लागतं. टाक्यांच्या जागी सलग दुखणं किंवा जोरात येणाऱ्या कळा अचानक थांबणं ही तातडीची लक्षणं आहेत, आणि कळा थांबल्या की ॲप नेमकं ‘अजून वेळ आहे’ म्हणणार. अशा बाळंतपणात ॲपचा सल्ला बंद करता येत असेल तर बंदच करावा.

फोन कधी खाली ठेवायचा हेही आधी ठरलेलं असावं. शौचाला लागल्यासारखा दाब, कळेबरोबर आपोआप लागणारा जोर, थरथर किंवा उलटी होऊन कळा एकमेकींना चिकटणं, ही तोंड पूर्ण उघडत आल्याची चिन्हं असू शकतात. पडद्यावर अंतर ७ मिनिटं दिसत असलं तरी. जोर आवरत नसेल आणि दवाखाना लांब असेल, तर गाडीत बसण्याऐवजी रुग्णवाहिका बोलवावी, दाराची कडी काढून ठेवावी आणि कुशीवर झोपून तोंडाने लहान लहान श्वास सोडावेत. डोकं बाहेर येताना ओढू नये, नुसता हाताचा आधार द्यावा. बाळाला कोरड्या कापडाने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि दोघांना वरून पांघरूण घालावं. नाळ कापायची नाही, वार बाहेर यावी म्हणून ती ओढायचीही नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. पडदा बंद झाला तरी मोजणी चालू राहायला हवी, इंटरनेटशिवाय ॲप चाललं पाहिजे, मधेच जाहिरात उघडत असेल तर ते काढून टाकावं. खातं उघडायला लावणारी ॲप्स नकोत. बाळंतपणाच्या तारखा आणि आरोग्याची माहिती देऊन मिळणारं त्यात विशेष काही नसतं.

बाळ झाल्यावरही पोटात कळा येतात आणि दुसऱ्या खेपेला त्या पहिल्यापेक्षा जास्त दुखतात, विशेषतः अंगावर पाजताना. गर्भाशय आवळून घेत असतं. दोन-तीन दिवसांत हे कमी होतं आणि वेदनाशामक सिस्टरकडे मागता येतं. त्या मोजायची गरज नाही. मोजायचा तो रक्तस्राव: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर लगेच सांगावं. ॲप काढून टाकण्याआधी यादीचा फोटो घेऊन ठेवा आणि त्याच्या खाली या चार वेळांची नोंद करा: कळा नियमित झाल्या ती, पाणी गेलं ती, दाखल झाल्यावर तोंड किती सेंटिमीटर होतं त्यासह ती तपासणीची, आणि जन्माची. तिसऱ्या खेपेची वेळ आली तर डॉक्टर हेच विचारतील.