बेळगावात नायट्याच्या औषधांची चाचणी: सेवा कशी आहे?
नायटा टर्बिनाफाइनला (नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला) दाद देईनासा झाला, की कोणतं औषध बुरशीवर चालेल हे पाहणाऱ्या या चाचणीचा खरा उपयोग. शहरातल्या एका लॅबमध्ये नमुना उत्तम घेतात: ७०% स्पिरिटने पुसून, चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, कोरड्या कागदी पुडीत. बंद डबीत ओल धरून जिवाणू माजतात. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर हमखास. केओएच तपासणी (कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणं) त्याच दिवशी होते. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवायला, मात्र ४ आठवडेही लागू शकतात. पुढे औषधाच्या निम्म्या-निम्म्या तीव्रतेच्या द्रावणांत बुरशी ४-५ दिवस ठेवून एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ रोखणारी औषधाची सर्वात कमी तीव्रता, वाचतात. हा वेळ काउंटरवर आधी सांगत नाहीत, हे चूकच. अहवालात नुसतं ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारी) असेल तर एमआयसीचा आकडा मागून घ्या, डॉक्टरांना तोच लागतो. आणि मलम डॉक्टरांना विचारून आधीच थांबवा, नाहीतर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.